शंभर गुणांचा शिक्षक
राष्ट्रीय पुरस्काराच्या निकषांचे एक वाचन

दर वर्षी पाच सप्टेंबरला दिल्लीच्या विज्ञान भवनातला तो सोहळा होतो आणि सहा तारखेच्या वर्तमानपत्रात छायाचित्र येते. राष्ट्रपती, समोर किंचित वाकलेला शिक्षक, हातात प्रमाणपत्र आणि रौप्यपदक. सोबत पन्नास हजार रुपये. जिल्हा पानावर त्याच शिक्षकाच्या गावातली मिरवणूक असते. हे चित्र आपल्या ओळखीचे आहे आणि त्याबद्दल मनात आदरही आहे. पण हा शिक्षक कोणत्या मजकुरातून निवडला गेला, तो मजकूर मात्र कोणी वाचत नाही. निकषांचा तक्ता हा शेवटी एक मजकूरच असतो. त्यालाही शैली असते, त्यातही काही गोष्टी सांगितलेल्या आणि काही वगळलेल्या असतात. कादंबरीकार जसे पात्र उभे करतो तसा हा तक्ताही एक पात्र उभे करतो: ‘उत्कृष्ट शिक्षक’. साहित्याचा वाचक म्हणून या पात्राकडे पाहावे, आणि त्यातही शालेय विज्ञानशिक्षकाच्या बाजूने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विज्ञानशिक्षकाचीच बाजू का, याचे कारण इतिहासात आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ साली सुरू झाला. त्याच वर्षी, ४ मार्च १९५८ रोजी, भारत सरकारने विज्ञानविषयक धोरणाचा ठराव स्वीकारला होता. देशाची समृद्धी विज्ञानावर उभी राहील, हा त्या काळाचा विश्वास होता. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. हा दृष्टिकोन नागरिकात येणार कोठून? बहुसंख्य मुलांचे विज्ञान शाळेबरोबर संपते. त्यांच्या आयुष्यात भेटणारा विज्ञानाचा पहिला आणि शेवटचा माणूस म्हणजे सहावी ते दहावीचे गुरुजी किंवा बाई. म्हणजे घटनेतल्या त्या कलमाचा भार प्रत्यक्षात ज्यांच्या खांद्यावर आहे, ते हेच लोक. त्यांच्यातला उत्तम कोण, हे देश कसे ओळखतो, हा प्रश्न म्हणून किरकोळ नाही.

तक्ता काय सांगतो

सुरुवातीची अनेक दशके हा पुरस्कार सरकारी वाटेने चाले. खाली शिफारस व्हायची, ती वर सरकायची. दर वर्षी तीनशेहून अधिक शिक्षक निवडले जात. २०१८ मध्ये पद्धत बदलली. शिक्षकाने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा, जिल्हा समितीने छाननी करायची, राज्य समितीने यादी पाठवायची आणि राष्ट्रीय पातळीवरच्या स्वतंत्र परीक्षक मंडळापुढे शिक्षकाने सादरीकरण करायचे, अशी नवी रचना आली. संख्याही पन्नासच्या आत आणली गेली. हा बदल स्वागतार्ह होता, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्या शिक्षकाचे वरच्यांशी फारसे जमत नाही, त्यालाही दार उघडे झाले. शिफारशीसाठी कोणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागेनात.

पण दार उघडल्यावर आत काय मोजले जाते? या पुनर्रचनेतून आलेला मूल्यमापन तक्ता शंभर गुणांचा आहे. त्यातले वीस गुण वस्तुनिष्ठ बाबींना. समाज, पालक, माजी विद्यार्थी यांना शाळेशी जोडण्यासाठी केलेले काम: तीन गुण. शोधनिबंध, पुस्तके, लेख: तीन. गेल्या तीन वर्षांचे गोपनीय अहवाल: तीन. तक्रार न येता नियमित हजेरी: तीन. सेवांतर्गत प्रशिक्षणांना उपस्थिती: दोन. ‘स्वयम्’, ‘दीक्षा’ यांसारख्या सरकारी मंचांवरचे काम: दोन. ई-साहित्य, पाठ्यपुस्तके, हस्तपुस्तिका यांची निर्मिती: चार.

उरलेले ऐंशी गुण कामगिरीला. नावीन्यपूर्ण प्रयोग, माहिती तंत्रज्ञानाचा वापर, आनंददायी अध्ययन यांना तीस. सहशालेय आणि अभ्यासेतर उपक्रमांना पंचवीस. शाळेच्या भौतिक सुविधांसाठी समाजाला कामाला लावणे, मुलांत सामाजिक जाणीव पसरवणे, राष्ट्रबांधणी व एकात्मता यांना पंचवीस.

हा तक्ता सावकाश वाचला की तीन गोष्टी लक्षात येतात.

पहिली अशी की, यात विषय नाही. मराठी, गणित, विज्ञान, भूगोल, सगळ्यांना एकच पट्टी. विज्ञानाच्या शिक्षकाला विज्ञान कळते का, हा प्रश्न शंभरातल्या एकाही गुणासाठी विचारलेला नाही. विषयाचे ज्ञान गृहीत धरले आहे, असा बचाव करता येईल. पण नियमित हजेरी गृहीत न धरता तिला तीन गुण देणारा तक्ता विषयज्ञान मात्र गृहीत धरतो, हे चमत्कारिक आहे.

दुसरी, यात तास नाही. फळा, बाके आणि पस्तीस-चाळीस मिनिटे यांच्यात जे घडते ते बाहेरून कोणी येऊन पाहायचे, अशी तरतूद गुणांत नाही. पुरावा म्हणून जोडायचा तो अहवाल, छायाचित्रे, कात्रणे, चित्रफिती यांचा संच. ज्याचा फोटो निघतो ते टिकते, ज्याचा निघत नाही ते गळते.

तिसरी गोष्ट अधिक दुखरी आहे. समाजाकडून सुविधा उभ्या करण्याचा समावेश पंचवीस गुणांच्या गटात आहे, म्हणजे एकूण मूल्यमापनाच्या चतुर्थांशात. शाळेला नळ, संरक्षक भिंत, संगणक मिळवून देणारा शिक्षक वंदनीय आहेच. पण ही कामे मुळात कोणाची? शासन जेथे कमी पडले तेथे शिक्षकाने भर घातली, आणि त्या भरीबद्दल शासनच त्याला पदक देते. हे कौतुक आहे, पण जबाबदारी शिक्षकाकडे सरकवण्याची ती एक सभ्य रीतही आहे.

मेणबत्ती आणि पाणी

विज्ञानशिक्षण म्हणजे काय, हे एका तासाच्या उदाहरणाने पाहू, म्हणजे तक्त्याने काय गाळले ते कळेल.

पसरट ताटलीत पाणी घ्यायचे, मधोमध पेटती मेणबत्ती उभी करायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवायचा. थोड्या वेळात ज्योत विझते आणि पेल्यात पाणी चढते. हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून होत आला आहे. त्याचे पिढीजात स्पष्टीकरणही ठरलेले आहे: ज्वलनात पेल्यातला ऑक्सिजन संपला, हवेत ऑक्सिजन सुमारे एकपंचमांश असतो, म्हणून पाणी एकपंचमांश उंचीपर्यंत चढले. मुले वहीत लिहून घेतात. परीक्षेत गुण मिळतात.

हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. पेल्यातला सगळा ऑक्सिजन संपण्याआधीच ज्योत विझते. जो खर्च होतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. पाणी चढते ते मुख्यतः दुसऱ्या कारणाने. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावलेली असते, तिच्यातली काही सुरुवातीला बुडबुड्यांच्या रूपाने बाहेरही जाते. ज्योत विझली की आतली हवा थंड होते, वाफेचे पाणी होते, आतला दाब घटतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. हे ताडून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. नीट पाहिले तर पाण्याची मोठी उडी ज्योत विझण्याच्या सुमारास आणि विझल्यानंतर दिसते. ऑक्सिजनच्या खर्चानेच पाणी चढत असते तर ते ज्योत जळत असताना हळूहळू चढायला हवे होते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर त्याच पेल्यात पाणी जास्त चढते. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच होता, मग पाणी जास्त का?

आता दोन वर्ग डोळ्यांपुढे आणा. एका वर्गात सर प्रयोग करून दाखवतात आणि ठरलेले उत्तर सांगतात. दुसऱ्या वर्गात एक मुलगी उठून विचारते, “बाई, मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढलं? आधी का नाही?” बाई म्हणतात, “मलाही तेच बघायचंय. अजून दोन मेणबत्त्या आणा.” त्या दिवशीचा तास पाठ्यक्रमाच्या मागे पडतो. पण वर्गातल्या चाळीस मुलांनी त्या दिवशी एक गोष्ट प्रत्यक्ष पाहिली: छापील वाक्यालाही प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर अधिकाराने ठरत नाही, तपासून ठरते. घटनेतल्या कलमाचा अर्थ याहून वेगळा नाही.

या दोन्ही वर्गांचे छायाचित्र काढा. दोन्हींत ताटली, मेणबत्ती, पेला, भोवती वाकलेली मुले आणि हसरा शिक्षक दिसेल. चित्रांखाली ओळही एकच शोभेल: ‘कृतीतून आनंददायी विज्ञान’. फाईलमध्ये दोन्ही कागद सारखेच वजनाचे. किंबहुना पहिल्या वर्गाचे चित्र अधिक नेटके येईल, कारण तेथे गोंधळ झालेला नसतो.

माझ्या तालुक्यातल्या काही शिक्षकमित्रांचे पुरस्कारांचे प्रस्ताव भाषेच्या दृष्टीने पाहून देण्याचे काम माझ्याकडे अधूनमधून येते. मी शिक्षक नाही आणि माझे विज्ञानही बहुतेक ग्रंथालयातच झालेले आहे. पण प्रस्ताव हा लेखनप्रकार मला आता बऱ्यापैकी परिचयाचा झाला आहे. त्यात शिक्षक स्वतःबद्दल तृतीयपुरुषी बोलू लागतो, ‘राबविणे’ हे एकच क्रियापद सगळी कामे उरकते आणि प्रत्येक उपक्रमाला एक घोषवाक्य चिकटते. त्यातल्याच एका शिक्षकाकडे मी एक वेगळी वही पाहिली. घटक चाचण्यांत मुलांनी दिलेली चुकीची उत्तरे त्यांनी कित्येक वर्षे तारीखवार उतरून ठेवली होती. प्रत्येकीसमोर ‘असे का वाटले असेल’ याची एक ओळ आणि पुढच्या वर्षी तो धडा कसा बदलला याची दुसरी. मला ती वही त्यांच्या साऱ्या फाईलहून मोठी वाटली. ती प्रस्तावाला जोडू या, असे मी सुचवले. आम्ही दोघांनी रकाने वरून खाली पाहिले. नवोपक्रम म्हणावा तर त्यात तंत्रज्ञान नव्हते, प्रकाशन म्हणावे तर ती छापलेली नव्हती. वही शेवटी कपाटात परत गेली आणि वृक्षारोपणाचे फोटो जोडले गेले.

दुसऱ्या देशाचा तक्ता

अमेरिकेत गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या शालेय शिक्षकांसाठी स्वतंत्र राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार १९८३ साली कायद्याने सुरू झाला. हा योगायोग नव्हे. त्याच वर्षी तिकडे शाळांच्या ढासळत्या दर्जावरचा ‘अ नेशन ॲट रिस्क’ हा गाजलेला अहवाल आला होता आणि आपण मागे पडतो आहोत ही धास्ती सर्वत्र होती. असे पुरस्कार बहुधा राष्ट्रीय काळजीतूनच जन्मतात. या पुरस्काराचे काम नॅशनल सायन्स फाउंडेशन पाहते. वर्षाला जास्तीत जास्त १०८ शिक्षक निवडता येतात, आणि निवड राज्यांकडून वर येते. रक्कम दहा हजार डॉलर.

तेथील कसोटी पाच अंगांची आहे: विषयावरची पकड, शिकवण्याच्या रीती, मुलांना कितपत कळले याची पारख, स्वतःच्या शिकवण्याचे चिंतन व सततचे शिकणे, आणि वर्गाबाहेरचे नेतृत्व. क्रम पाहण्यासारखा आहे. विषय पहिला, वर्गाबाहेरचे काम शेवटी. अर्जासोबत शिक्षकाने आपल्या एका तासाचे चित्रीकरण द्यायचे आणि त्या तासात काय साधले, काय निसटले, याचे टिपण लिहायचे. माझ्या त्या मित्राची वही तिथल्या तिसऱ्या आणि चौथ्या अंगात सहज बसली असती.

ऑस्ट्रेलियातही पंतप्रधानांच्या विज्ञान पुरस्कारांत मोठ्या शास्त्रज्ञांच्या बरोबरीने प्राथमिक आणि माध्यमिक शाळेतल्या विज्ञानशिक्षकांसाठी वेगळे पुरस्कार आहेत. शास्त्रज्ञ आणि त्याला घडवणारा शिक्षक एकाच मंचावर बसतात.

परदेशातले म्हणून ते निर्दोष, असे मुळीच नाही. चित्रीकरणासाठी तास सजवता येतो. चांगले टिपण लिहिता येणे आणि चांगले शिकवता येणे या दोन वेगळ्या कला आहेत. आणि इतकी वर्षे पुरस्कार देऊनही अमेरिकेतल्या शाळांना विज्ञानाचे शिक्षक कमी पडायचे थांबलेले नाही. पुरस्काराने व्यवस्था सुधारत नाही. पण कोणत्या गोष्टीला आपण चांगले म्हणतो, हे पुरस्कार सांगतो. त्या सांगण्यात दोन तक्त्यांमधला फरक ठळक आहे.

आपल्याकडे २०२३ मध्ये केंद्राने वैज्ञानिक क्षेत्रातल्या अनेक जुन्या पुरस्कारांची फेरमांडणी करून ‘राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार’ जाहीर केला. विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा आणि विज्ञान टीम, असे चार प्रकार. शालेय विज्ञानशिक्षकासाठी यात स्वतंत्र जागा नाही. शिक्षकांच्या पुरस्कारात विज्ञान नाही आणि विज्ञानाच्या पुरस्कारात शिक्षक नाही, असा हा पेच आहे.

एकट्याचा गौरव, अनेकांचे काम

या चौघांतला ‘विज्ञान टीम’ हा प्रकार विचार करायला लावतो. आजचे संशोधन एकट्याने होत नाही, हे शासनाने येथे मान्य केले. मग शिकवणे एकट्याने होते का?

होशंगाबादचा अनुभव याबाबत फार बोलका आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था त्यामागे होत्या. दिल्ली विद्यापीठातले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक खेड्यांतल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करत. १९७८ मध्ये हा कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात गेला. १९८२ मध्ये त्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. आगपेट्या, रबरी नळ्या, स्थानिक बी-पाने ही साधने होती. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायला परवानगी होती. आपल्या अरविंद गुप्तांची खेळणी याच वातावरणात आकाराला आली आणि पुढे पुण्यातून जगभर गेली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण त्या कार्यक्रमाचा कणा होता शिक्षकांची मासिक बैठक. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांतले शिक्षक जमत आणि कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, कोणत्या प्रश्नाला आपल्याला उत्तर आले नाही, ते एकमेकांपुढे मांडत. हीसुद्धा मान्यताच होती, पण दिल्लीहून आलेली नव्हे, बरोबरीच्या माणसांकडून मिळणारी. महाराष्ट्रातही होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० च्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील शाळांबरोबर काम केले. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी यांनी विज्ञान समजण्यातला भाषेचा अडसर पुढे आणला. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली तर मुलांचे विज्ञान सुधारते, हे वर्गात जाऊन पाहिले गेले. साहित्याच्या वाचकांना यात विशेष रस वाटावा. विज्ञानात नापास होणारे मूल पुष्कळदा मराठीच्या जड वाक्यात अडकलेले असते.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. तोवर तो अनेक जिल्ह्यांतल्या शाळांत पोहोचलेला होता. तीस वर्षे शेकडो शिक्षकांनी मिळून उभे केलेले काम एका निर्णयाने संपले. त्याला पदक देण्याजोगा रकाना कोणत्याच तक्त्यात नव्हता. रकाना असता तर कार्यक्रम वाचला असता, असा दावा मी करणार नाही. पण ज्या कामाला नाव नसते ते पुसणे सोपे जाते, हे खरे.

प्रतिमेचा प्रश्न

एवढ्याशा पुरस्काराबद्दल इतके कशाला लिहायचे, असे कोणी विचारील. गावातल्या एका गुरुजींचा सन्मान होतो, चार दिवस गाव आनंदात असते, तेवढे पुरे नाही का? तो आनंद मोलाचा आहे. आपल्याकडे शिक्षकाच्या वाट्याला निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि टोमणे येतात. सन्मान क्वचित येतो. म्हणून पुरस्कार बंद करा, असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही.

पण आकडे पाहा. देशात २०२२-२३ मध्ये शालेय शिक्षक होते सुमारे ९५ लाख. २०२३ मध्ये शाळांसाठी पुरस्कार होते पन्नास. म्हणजे दोन लाखांत एक. या प्रमाणात निवड पूर्ण न्याय्य झाली तरी बक्षीस म्हणून तिचा उरलेल्यांवर काय परिणाम होणार? परिणाम होतो तो प्रतिमेचा. पदक पन्नासांना मिळते, तक्ता मात्र लाखो जण पाहतात. राज्याचा सावित्रीबाई फुले यांच्या नावाचा पुरस्कार असो की जिल्हा परिषदेचा आदर्श शिक्षक पुरस्कार, खालच्या साऱ्या पायऱ्यांवर तीच भाषा झिरपत जाते. परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि निम्मी रक्कम इतर अंतिम स्पर्धकांत वाटली. हे अभिमानास्पदच होते. पण त्यांच्या कामातून शाळांनी पुष्कळ ठिकाणी उचलला तो फक्त कोड. त्यामागची मुलाची ओळख उचलणे अवघड, म्हणून ती मागे राहिली. प्रतिमा नेहमी सोपा भाग उचलते.

म्हणून मागणी निवडीतल्या न्यायापुरती ठेवून चालणार नाही, प्रतिमाच दुरुस्त केली पाहिजे. विज्ञानाच्या शिक्षकासाठी विषयाचा वेगळा रकाना हवा. शेवटच्या यादीतल्या प्रत्येकाचा तास परीक्षकांनी शाळेत जाऊन पाहावा. पन्नासांसाठी दीड-दोनशे तास पाहणे या देशाला जड नाही. परीक्षकांत महाविद्यालयीन वैज्ञानिकाबरोबर कार्यरत शालेय शिक्षकही असावा, कारण मेणबत्तीचे ते चुकीचे उत्तर त्याच्या लगेच ध्यानात येईल. मुलांच्या प्रश्नांच्या आणि चुकांच्या वह्या पुरावा म्हणून स्वीकाराव्यात. आणि वैज्ञानिकांप्रमाणे शिक्षकांच्या गटालाही पुरस्कार असावा. केंद्रातल्या आठ-दहा शाळांचे शिक्षक दर महिन्याला बसून एकमेकांचे धडे तपासत असतील, तर त्या बैठकीचा गौरव व्हावा.

यातले काहीही खर्चिक नाही. अडचण आहे ती वेगळीच. फोटो एका दृष्टिक्षेपात पाहून होतो, तास पाहायला पस्तीस मिनिटे बसावे लागते आणि वही वाचायला त्याहून जास्त. शिक्षक कसा आहे हे जाणून घ्यायचे तर तेवढा वेळ त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसावे लागेल. शिक्षकाला शंभरपैकी गुण देणाऱ्यांनी निदान तेवढा गृहपाठ करावा, एवढीच अपेक्षा आहे.